हँडलचा टेकू

ऑब्री थ्रॉसेलच्या गाडीला हँडलचा टेकू आहे आणि माझ्या गाडीला नाही, ही गोष्ट थॉर्नबेक गावात कुणाला माहीत नव्हती असं नाही. पण ती जाहीर सांगायची गरज होती का? चर्चमधून बाहेर पडताना, हवापाण्याच्या गप्पा चालल्या असताना, मध्येच "अर्नेस्ट, तुमच्या हॉलिस्टरचा टेकू मिळाला का हो?" असं विचारायची काही गरज? नाही मिळाला. ठाऊक आहे तुला. म्हणून तर विचारतोयस.

टेकू म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. रेडिएटरच्या खाली, पुढच्या बाजूला, लोखंडाची एक पट्टी असते. तिच्या दोन टोकांना कान, मधे एक भोक. गाडी सुरू करायचं हँडल त्या भोकातून आत जातं आणि सरळ इंजिनाला जाऊन भिडतं. टेकू नसला तर हँडल लोंबतं, भलतीकडे जातं, अर्ध्या फेरीत निसटतं आणि बोटांची सालटी निघतात. आमच्या हॉलिस्टर टेनचा टेकू आधीच्या कुठल्यातरी मालकाने हरवला होता. इतकी वर्षं माझं काही अडलं नाही, कारण विजेचा स्टार्टर चालत होता. मग गेल्या वर्षी, समुद्रकाठच्या व्हिटबीला जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या सफरीत, तो कायमचा मेला. भर माळरानावर, भर पावसात. विनी, म्हणजे माझी बायको, मेंढ्यांच्या कुरणाच्या भिंतीला टेकून थर्मास धरून उभी, आणि मी समोर हँडल मारतोय. तेवढ्यात ऑब्री आला, थांबला, छत्री उघडली, विनीला आपल्या गाडीत बसवलं आणि मला म्हणाला, "तुम्ही या सावकाश."

मी सावकाशच आलो. दुधाच्या लॉरीमागे दोराने बांधून आलो.

ऑब्रीबद्दल माझ्या मनात काही आहे असं समजू नका. माणूस चांगलाच आहे, हीच तर अडचण आहे. बायको वारल्यावर एकटा राहतो, पण शर्टाला इस्त्री. लिंबाचं मुरंब्यासारखं पिवळं काहीतरी स्वतः शिजवतो आणि बरण्या वाटतो. पाठ ताठ. डोक्यावर केस, या वयात, सगळे. आणि त्याची गाडी माझ्याच गाडीची सख्खी बहीण: तीच कंपनी, तेच वर्ष, तोच हिरवा रंग. फरक इतकाच की त्याच्या गाडीत जे जिथे असायला पाहिजे ते तिथे आहे. आणि सगळं गाव जिला विनी म्हणतं तिला तो "विनिफ्रेड" म्हणतो. पूर्ण. सावकाश. ते ऐकलं की माझ्या पोटात दुखायला लागतं.

या वर्षीच्या सफरीची तारीख ठरली तेव्हा विनी भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "अर्नेस्ट, ऑब्रीने मला त्याच्या गाडीतून येशील का विचारलंय. मी हो म्हटलंय."

मी विचारलं, "आणि आपली गाडी?"

"आपली गाडी त्या सकाळी सुरू होऊन निघाली, तर मी तुझ्या शेजारी बसेन. नाहीतर त्याच्याबरोबर जाईन. मी पुन्हा मेंढ्यांमध्ये उभी राहणार नाही."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती ताटली पुसत शांतपणे बोलली. म्हणजे यावर बराच विचार झाला होता, आणि तो माझ्याशिवाय झाला होता. त्या क्षणापासून तो टेकू माझ्यासाठी लोखंडाची पट्टी राहिला नाही. माझी बायको कुणाच्या शेजारी बसून समुद्रावर जाणार, हे त्या पट्टीवर ठरणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, नवा टेकू विकत घ्यावा, बसवावा, विषय संपला. आमच्या हॉलिस्टर मालक मंडळाशी तुमची गाठ पडलेली दिसत नाही. मंडळाकडे जुन्या सुट्या भागांचं कोठार आहे आणि कोठारात टेकू आहे, हेही मला कळलं. पण मंडळाचा नियम असा की जुना मोडका भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, नाहीतर लोक साठेबाजी करतात. मी कळवलं की माझ्याकडे जुना टेकू नाही, म्हणूनच तर नवा हवा आहे. उत्तर आलं की जुना टेकू नसल्यास, तो मुळात होता हे दाखवावं. मी कळवलं, की प्रत्येक हॉलिस्टरला तो असतोच. उत्तर आलं की मग तुमच्या गाडीला का नाही. शेवटी चिटणीसबाईंनी फोनवर मोठ्या मायेने सांगितलं की अशा अडलेल्या बाबतीत कोठारप्रमुख आपल्या अधिकारात सूट देऊ शकतात, त्यांना समक्ष भेटा, ते तुमच्या गावातच राहतात.

कोठारप्रमुख म्हणजे ऑब्री थ्रॉसेल, हे निराळं सांगायला नको.

त्याच्याकडे जाऊन टेकू मागायचा? मी जन्मभर पोरांना भूगोल शिकवला आहे. मला माझी काही किंमत आहे. आणि खरं सांगतो, त्याने तो दिला असता. लगेच, हसून, कागदात गुंडाळून, वर लिंबाची एक बरणी देऊन दिला असता, आणि पुढची सगळी वर्षं चर्चबाहेर "अर्नेस्ट, टेकू काय म्हणतोय?" असं विचारलं असतं. त्यापेक्षा मी स्वतः बनवीन, असं ठरवलं.

ही बातमी पबमध्ये मी फक्त गॉन्ट खाटकाला सांगितली, तेही हळू आवाजात. तेवढं पुरेसं होतं. गॉन्ट म्हणाला, पट्टी पाव इंच जाडीची घे. पोस्टातल्या मिसेस पेव्हरेल म्हणाल्या, पाव इंच म्हणजे कबरीवरचा दगड झाला, अर्ध्याने कमी कर. त्यांचे दिवंगत यजमान बसगाड्यांच्या खात्यात होते, त्यामुळे यंत्रांविषयी त्यांचं मत अखेरचं असतं. मग गॉन्टने त्यांना विचारलं की तुमच्या यजमानांची बस वेळेवर कधी आली होती. तिथून गाडी बसखात्याच्या कारभाराकडे वळली आणि माझा टेकू राहिला बाजूला. उठताना मात्र दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: असल्या कामात माप महत्त्वाचं.

माप घ्यायचं तर अख्ख्या गावात मापाजोगा टेकू एकच होता.

आमच्याकडे एक रीत आहे. "कधीही या, गाडी बघून जा" असं ऑब्री मला अनेकदा म्हणाला होता. पण असं कुणी म्हटलं म्हणजे जायचं नसतं. "नक्की, नक्की" म्हणायचं आणि जायचं नाही, यालाच सज्जनपणा म्हणतात. तेव्हा उघडपणे जाण्याचा प्रश्नच नव्हता. चर्चमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं, ऑब्री आत आपल्या डेलिया मांडत होता, आणि त्याची गाडी बाहेर झाडाखाली उभी होती. मी कोटात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन गेलो, इकडेतिकडे पाहिलं, आणि रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत गाडीखाली सरकलो.

टेकू सुंदर होता. मला म्हणायचं नव्हतं, पण होता. कारखान्यातला काळा रंगसुद्धा शाबूत. एक कान लांब, एक आखूड, मधे भोक. मी उताणा पडून पुठ्ठा त्याला खालून लावला आणि कडेने पेन्सिल फिरवू लागलो. एवढ्यात पावलं वाजली. गवताच्या कडेला तपकिरी बूट येऊन थांबले. इतके चकचकीत बूट गावात एकाच माणसाचे आहेत. मी पेन्सिल थांबवली. बूट बराच वेळ हलले नाहीत. मग ते निघून गेले. मला वाटलं, वाचलो. पण बूट परत आले, आणि एका हाताने बशीसकट चहाचा कप माझ्या गुडघ्याशी गवतावर ठेवला. बशीत बिस्किट होतं. वरून ऑब्रीचा आवाज आला, "आज हवा छान आहे."

मी गाडीखालून म्हणालो, "हो, छान आहे."

"दुपारनंतर ढग येतील म्हणतात."

"असं म्हणतात खरं."

बूट निघून गेले. पुढे त्याने या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही. मला नाही, विनीला नाही, पबमध्ये नाही. त्याने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो चहा मला आजपर्यंत पचलेला नाही. त्यात साखर बरोबर होती. माझी साखर त्याला कशी माहीत? विनीने सांगितली असणार. म्हणजे यांच्या इतक्या गप्पा होतात.

जळफळाटात माणूस काम मात्र झपाट्याने करतो. परसातल्या खोपटात बसून मी पट्टी कापली, वाकवली, भोक पाडलं, कानशीने घासली. गाडीला लावून पाहिली तर लांब कान आखूड बाजूला आणि आखूड कान लांब बाजूला. बराच वेळ मला वाटलं की कारखान्याने माझी गाडी उलटी बनवली आहे. मग उजेड पडला. उताणा पडून, खालून वर बघत काढलेली आकृती मी टेबलावर ठेवून वरून खाली बघत कापली होती. पूर्वेची पश्चिम झाली होती. आणि असली चूक केली म्हणून मी वर्गातल्या कित्येक पोरांना बाकावर उभं केलं आहे.

पुन्हा पट्टी कापायला वेळ नव्हता, आणि पुन्हा त्याच्या गाडीखाली जाण्यापेक्षा मी गाव सोडलं असतं. तेव्हा टेकू आहे तसाच ठेवून गाडीच्या चासीलाच, म्हणजे खालच्या सांगाड्यालाच, नवीन भोक पाडायचं ठरवलं. लोखंड जुनं, चिवट. मी ड्रिलवर सगळा भार दिला. लोखंड अचानक संपलं, ड्रिल मात्र थांबलं नाही, आणि मागे होता रेडिएटर. हिरवट पाण्याची एक बारीक, नेमकी धार माझ्या चष्म्यावर आली.

विनी दारात उभी होती. ती पुढे आली. टॉवेल दिला आणि आत गेली. आत टेलिफोनवर तिचं हसणं ऐकू आलं. कुणाशी बोलत होती ते मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं.

गळक्या रेडिएटरवर गॉन्टचा उपाय म्हणजे अंडं. गरम पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडायचा, तो शिजतो आणि भोक आतून बुजवतो. मिसेस पेव्हरेल म्हणाल्या, अंडं कुणीही घालील, बसखात्यात मोहरीची पूड घालत असत. दोघांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून मी दोन्ही घातलं. आणि सांगायला आनंद होतो की भोक बुजलं. पण इंजिन तापलं की गाडीला न्याहारीचा वास यायचा. शेजारचं कुत्रं आमच्या फाटकाशी येऊन बसायला लागलं.

तरीही टेकू बसला. हँडल त्यातून सरळ आत गेलं, इंजिनाला भिडलं, आणि पहिल्याच फेरीला गाडी सुरू झाली. मी विनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान बसलाय रे." मनापासून म्हणाली. मला इतकं बरं वाटलं, की सगळा सत्यानाश तिथूनच सुरू झाला. कारण टेकू नुसता बसून भागत नव्हतं, तो ऑब्रीच्या टेकूसारखा दिसला पाहिजे होता. सफरीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला काळा रंग दिला. मग आणखी एक हात. मग आणखी एक. भोकातही दिला, आत कोण बघतं म्हणून ढिलाई करणारा मी नव्हे.

सकाळी गावातल्या हिरवळीवर सगळ्या गाड्या जमल्या. पताका लावल्या होत्या, चहाचं टेबल मांडलं होतं, पाद्रीबुवा निशाण घेऊन उभे. विनी मधोमध, हातात डबा आणि थर्मास, एका बाजूला ऑब्रीची गाडी, एका बाजूला आपली. ती कुणाच्याच गाडीत बसली नव्हती. माझ्यासाठी थांबली होती, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. ऑब्री माझ्या गाडीपुढे वाकला, टेकू पाहिला आणि म्हणाला, "वा. हाताने केलात? मला नसतं जमलं." मी म्हणालो, "विशेष काही नाही हो." आणि आयुष्यात प्रथमच मला तो माणूस आवडला.

मी हँडल घातलं. जरा घट्ट गेलं. फेरी मारली. इंजिन धडधडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात सोडला. इंजिन सुरू झालं की हँडलने मागे सरकून सुटं व्हायचं असतं. ते सुटलं नाही. ओल्या रंगात चिकटून ते भोकातच अडकलं आणि इंजिनाबरोबर गरगरा फिरायला लागलं. पताकांची एक दोरी वाऱ्याने बॉनेटवर आली होती. ती हँडलला लागली आणि सूत गुंडाळावं तशी गुंडाळली जाऊ लागली. एकेका खांबावरून गावाच्या सगळ्या पताका माझ्या गाडीकडे निघाल्या. दोरीचं शेवटचं टोक चहाच्या टेबलाला बांधलेलं होतं. टेबल चालायला लागलं, मिसेस पेव्हरेल किटली कवटाळून त्याच्या मागे, आणि पाद्रीबुवा गोंधळून निशाण हलवू लागले. निशाण हललं म्हणून ऑब्रीची सोडून बाकीच्या गाड्या निघाल्या.

मी इंजिन बंद केलं तोवर आपली गाडी पुढून पार सजली होती. विनी आली, पताकांच्या गुंत्याकडे पाहिलं. "हे सुटायला बराच वेळ लागेल," ती म्हणाली.

"सुरू झाली होती," मी म्हणालो. "तू पाहिलंस."

"पाहिलं. निघाली नाही." मग तिने माझ्या गालावरचा काळा रंग रुमालाने पुसला, डब्यातली दोन सँडविचेस माझ्या हातात ठेवली आणि ऑब्रीच्या गाडीत जाऊन बसली. तो उतरून तिच्यासाठी दार उघडत होता, ते मला पाहावं लागलं.

दोरी सोडवून, भोकातला रंग खरवडून मी एकटा निघालो. माळरानावर रस्ता लांबच लांब दिसतो, आणि एकट्या माणसाला फार सुचत राहतं. तो तिला सांगत असेल, "विनिफ्रेड, वारा लागतोय का?" गुडघ्यांवर पांघरूण घालत असेल. मी मनातल्या मनात त्याला बरंच काही बोललो. मेंढ्यांनी ऐकलं असेल तर ऐको.

माळाच्या माथ्यावर सगळे चहाला थांबतात. तिथला चढ चढून वर आलो, तर समोरच्या सपाट रस्त्यावरून ऑब्रीची गाडी माझ्याच दिशेने येत होती. डाव्या बाजूला ऑब्री बसला होता, मांडीवर थर्मास धरून. उजव्या बाजूला, स्टिअरिंग धरून, विनी होती.

मी पुष्कळ गोष्टींची तयारी करून आलो होतो. पांघरुणाची होती, हातावर हात ठेवण्याचीसुद्धा होती. याची नव्हती. तिने डौलात वळण घेतलं, मला हात केला आणि गाडी रांगेत आणून लावली. माझा पाय भलत्याच ठिकाणी पडला आणि माझं इंजिन बंद झालं, बरोबर रस्त्याच्या मधोमध, सगळ्या मंडळासमोर.

मी उतरलो. तीही उतरून आली. मी म्हणालो, "तुला चालवायची होती तर मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, क्लच नाजूक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, तेव्हाही क्लच नाजूकच होता." ती रागावलेली नव्हती. "ऑब्रीला विचारलं. तो म्हणाला, हो. बस, एवढंच झालं."

एवढंच झालं होतं. मी ज्यासाठी गाडीखाली लोळलो, अंडी फोडली, गावाच्या पताका गुंडाळल्या, ते सगळं त्या माणसाने एका "हो"मध्ये उरकलं होतं.

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. तापलेलं इंजिन एकट्याने सुरू होत नाही. एकाने बाहेर हँडल मारायचं, दुसऱ्याने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर सांभाळायचा. ऑब्री अदबीने पुढे आला. "हवं तर मी बसतो आत."

"नको," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. मग बायकोकडे वळलो. "विनी, तू बसतेस?"

ती उजवं दार उघडून बसली. मी टेकूत हँडल घातलं. ते सरळ गेलं, जराही हललं नाही, आणि अर्ध्या फेरीतच इंजिन धडधडलं. तिने ते नेमकं सांभाळलं. हँडल मुकाट्याने सुटून माझ्या हातात आलं. मी ते पुसलं, माझ्या दाराशी जाऊन उभा राहिलो. विनी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. ती सरकली नाही. ऑब्री बघत होता, कुणाच्यातरी गाडीतून आलेला गॉन्ट बघत होता, मंडळाच्या चिटणीसबाई बघत होत्या. मी गाडीला वळसा घातला आणि डावीकडून चढून बसलो. ही बाजू मी इतक्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. सीटचा एक स्प्रिंग वर आलेला आहे आणि तो टोचतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल.

उताराला तिने गिअर बदलला. आवाज आला नाही. मी बदलतो तेव्हा अख्खा माळ दचकतो.

"हे ऑब्रीने शिकवलं?" मी विचारलं.

"नाही, तुझं बघून शिकले," ती म्हणाली. "तू करतोस त्याच्या बरोबर उलट करायचं."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ऑब्रीवर तर मी जळतच होतो, ती सवयच झाली होती. पण आता माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी आणखी एक जण माझ्यापेक्षा सरस निघाला होता, आणि तिच्याशी मला रात्रीचं जेवण करायचं होतं.

व्हिटबीला बंदराच्या भिंतीवर सगळे कागदात तळलेले मासे आणि बटाट्याच्या चिप्स घेऊन बसले. लोक येऊन विनीचं कौतुक करत होते. टेकूकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ऑब्री पलीकडे एकटाच बसला होता, नीट घडी केलेल्या रुमालावर, आणि मासा खायचं सोडून आमच्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखतो. ती मीच त्याच्याकडे बघताना वापरतो. ती माझ्या वाट्याला आलेली पाहून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, आणि तो विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी विचारलं, "मग, परत जाताना कसं करायचं?"

विनीने चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं, एक चिप उचलून चावली, आणि म्हणाली, "परत जाताना पण हँडल तू मार."